फिलुमेनाच्या दोन थापा

"ही बघ सही," निनू म्हणाला आणि त्याने ती जाडजूड वही काउंटरवर माझ्याकडे फिरवली. "दोन कागद, दोन सह्या. तेरा तारीख, सकाळी साडेनऊ. मी स्वतः तुमच्या दारात उभा होतो, पावलीना. तुझ्या आईने मला बदामाचं बिस्किटही दिलं."

मी वाकून बघितलं. फिलुमेना आणि खाली पुन्हा फिलुमेना. वरची सही तिच्या कागदासाठी, खालची माझ्या. नन्सच्या शाळेत पट्टीचा मार खाऊन कमावलेलं ते वळण, पहिल्या अक्षराला खाली लांब शेपटी, घरातल्या जॅमच्या प्रत्येक बरणीवर मी बघत आलेली. "पण ती तर म्हणाली, पोलीस आलाच नाही," मी म्हणाले. निनू माझ्या वर्गातला. शाळेत माझ्या वेण्या बाकाला बांधायचा आणि आता टक्कल पडल्यावर फार सज्जन झालाय. त्याने वही हळूच मिटली. "अगं, मी काय बोलणार? उरलेले कागद गुरुवारीच वर गेले, त्यात तुझा नव्हता. असणार कसा? तुझा कागद तुझ्या घरी आहे. रात्री दहापर्यंत मतदान आहे, घरी जा आणि शोध." मग काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाला, "तू पहिली नाहीस, बाई. सकाळपासून दोन सुना आणि एक नवरा येऊन गेलाय. यंदा सगळ्या बेटावर लोक एकमेकांचे कागद लपवून बसलेत."

आमच्याकडे मतदानाआधी पोलीस घरोघर येऊन हा कागद हातात देतो. त्यावर नाव असतं, फोटो असतो, आणि तो नसेल तर प्रत्यक्ष संत पॉल आला तरी त्याला शाळेच्या त्या खोलीत कुणी शिरू देणार नाही. माझा कागद आईच्या पत्त्यावर येतो. कागदोपत्री मी अजून तिच्या घरातच आहे. वेन्झूबरोबर मी एकवीस वर्षं राहतेय, कोपऱ्यावरून दुसऱ्या गल्लीत, पण ते राहणं कुठल्याच वहीत नाही. चौकीच्या पायऱ्या भराभर उतरले आणि पहिल्यांदा मला वाटलं, हा राग आहे. राग यायलाच हवा होता. पंधरा दिवस मी रोज तिला विचारत होते, "आई, कागद आला?" आणि ती लेसच्या फिरक्यांवरून नजर न काढता सांगत होती, "नाही आला." पण हा राग नव्हता. छातीत काहीतरी उड्या मारत होतं, लहानपणी चर्चच्या उत्सवातले फटाके वाजायच्या आधी मारायचं तसं. माझी आई खोटं बोलली होती! फिलुमेना, जी दुकानदाराने चुकून एक लिंबू जास्त टाकलं तर परत द्यायला चढ चढून जाते, तिने पोलिसाला बिस्किट खाऊ घालून, सही ठोकून, तोंड वर करून पंधरा दिवस थाप मारली होती. आणि कशासाठी, तर माझ्या एका मतासाठी. एकवीस वर्षांत मी या गल्लीत इतकी महत्त्वाची कधीच नव्हते.

तिचं खरेपण मला चांगलंच महागात पडलेलं आहे. माझा नवरा रेनाल्ड आमच्या लग्नानंतर चार वर्षांनी निघून गेला, लांब नाही, दोन रस्ते पलीकडे, आणि तिथे त्याला तीन मुलंही झाली. कायद्याने तो आजही माझा नवरा आहे, कारण माल्टात घटस्फोट नाही; तो असावा की नसावा यावरच आजचं मतदान. नाही म्हणजे नाहीच, पाळण्यापासून कबरीपर्यंत एकच लग्न. फार तर चर्चच्या न्यायालयात जाऊन सिद्ध करायचं की लग्न झालंच नव्हतं. मी गेले. नऊ वर्षं गेले. सरकारी कोर्टातही एकदा डोकावून बघितलं तर तिथल्या कारकुनाने फाइल बोटाने मागे सरकवली, "प्रकरण पाद्रींकडे आहे ना? मग आम्हाला हात लावता येत नाही, बाई, कायदाच तसा आहे." चर्चच्या न्यायालयात थंडगार खोली, मेणाचा वास, आणि तीन वकील. एक माझा. एक रेनाल्डचा, तो कधी यायचाच नाही. आणि तिसरा लग्नाचा! खरंच, लग्नाला स्वतःचा वकील असतो, ते टिकावं म्हणून भांडणारा. गोरा, नीटस, जिभेवर साखर असलेला पाद्री होता. मी त्याच्याकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, माझ्या लग्नाची बाजू घेणारा तू पहिलाच माणूस भेटलास. माझ्या वकिलाने आईला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बसून तिला समजावलं, सिन्योरा, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की मुलगी तयार नव्हती, वडलांनी जोर केला, लग्नाच्या सकाळी ती रडत होती. रडत होती एवढंच म्हटलंत तरी पुरे. दुसऱ्या दिवशी आईने बायबलवर हात ठेवला. लग्नाच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "त्या सकाळी मुलीची मनःस्थिती कशी होती?" आई म्हणाली, "ती गात होती."

गातच होते मी. तेवीस वर्षांची होते, आरशासमोर उभी राहून रेडिओवरचं कुठलंसं इटालियन गाणं गात होते. गाणाऱ्या नवरीवर जोरजबरदस्ती झाली असं जगातलं कुठलंही न्यायालय म्हणणार नाही. पाद्रींनी निकाल दिला, लग्न शाबूत. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी तिला एवढंच म्हणाले, "आई, एक शब्द इकडचा तिकडे केला असतास तर?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिची मान लाल झाली होती ते मला आठवतं. त्यानंतर मी तिच्याशी दोन महिने बोलले नाही. आणि आता तीच बाई, तीच, माझ्यासाठी जे केलं नाही ते माझ्याविरुद्ध करून बसली होती. मी जवळजवळ पळत होते. रस्त्याने गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या, कुणाच्या खिडकीतून 'हो'चा फडका, कुणाच्या खिडकीतून 'नाही'चा. बेकरीच्या भिंतीवर एका पोस्टरवर दुसरं चिकटवलं होतं, त्यामुळे एका हसऱ्या कुटुंबाच्या धडावर दुसऱ्या हसऱ्या कुटुंबाची डोकी आली होती. ऊन पांढरं होतं, भिंती पिवळ्या होत्या, सगळं मला इतकं स्वच्छ दिसत होतं की आपल्याला ताप तर नाही ना आलाय असं वाटलं.

पर्समध्ये फोन वाजला. वेन्झू. "मी सकाळी सातला जाऊन आलो," तो म्हणाला. मागे भट्टीचा आवाज येत होता, तो पाव भाजतो, शनिवारी सगळ्यात जास्त. "आपलं अर्धं लग्न करून आलोय. उरलेलं अर्धं तू कर." मी म्हणाले, "अरे, माझा कागद आईने लपवलाय." पलीकडे तो हसायलाच लागला, खोकला येईपर्यंत. "सासूबाई? शाब्बास! मला वाटलं होतं त्यांना माझी पर्वाच नाही." वेन्झू विधुर आहे, त्याच्यावर कुठल्याही वकिलाचा दावा नाही, त्यामुळे त्याला हसू येतं. मी हसले नाही. मला गेल्या हिवाळ्यातलं आठवलं, त्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी तिथल्या नर्सने फॉर्म भरताना विचारलं होतं, "तुम्ही यांच्या कोण?" आमच्या भाषेत त्यासाठी जे शब्द आहेत ते कुणी फॉर्मवर लिहीत नाही. शेवटी तिने आपण होऊन लिहिलं, मैत्रीण, आणि मला दाराबाहेर बसवलं. आत त्याचा भाऊ गेला, जो वेन्झूशी सात वर्षं बोलत नव्हता, कारण भाऊ हे नातं फॉर्मवर होतं. मला फक्त तो रकाना हवाय. पाव भाजणाऱ्या त्या माणसाच्या नावापुढच्या रकान्यात मला एक शब्द व्हायचंय. माझ्या एका मताने ते होणार नाही हे मला कळतं, मी मूर्ख नाही. पण माझं मत नसताना झालं तर ते दुसऱ्या कुणीतरी मला दिलेलं असेल, आणि दिलेल्या गोष्टी मी पुष्कळ घेतल्या आयुष्यात.

आणि एक खरं सांगायचं, कारण आज मलाच खरं-खोट्याची झिंग चढली होती. ते पंधरा दिवस आई "नाही आला" म्हणायची तेव्हा मला आतून थोडं बरंच वाटायचं. वाटायचं, नसेल आला तर नसेल आला, आपल्याला काही ठरवायला नको. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसून मी घटस्फोटाविरुद्धचं बिशपांचं पत्र वाचलेलं ऐकलं होतं. नव्या लोकांना त्यात नुसतं एक पत्र ऐकू आलं असेल, पण माझ्यात जुनी भीती परतली होती, आठ वर्षांच्या मुलीची. म्हणजे कागद आईने एकटीने लपवला नव्हता. थोडा मीही लपवला होता.

आई नेहमीच्या जागी होती, खिडकीशी, बुटक्या खुर्चीवर. समोर भिंतीला टेकवून तिचा गवताचा लांबट लोड, त्यावर टाचण्यांनी ठोकलेला नक्षीचा कागद, कागदावर चढत चाललेली लेस, आणि खाली लोंबणाऱ्या तीस-चाळीस लाकडी फिरक्या. त्या आवाजावर मी वाढले. टक टक टक, पावसासारखा नाही, कुणीतरी दात कोरत विचार करत बसल्यासारखा. ही लेस वेदीच्या नव्या कापडासाठी होती, मध्ये क्रॉस, दोन्हीकडे गव्हाची कणसं. चर्चच्या कापड-समितीच्या डोलोरेसने मागच्या महिन्यात सांगितली होती.

"चौकीत गेले होते," मी म्हणाले.

फिरक्या थांबल्या नाहीत. उलट वेग वाढला. "ऊन फार आहे. पाणी पी."

"निनूने वही दाखवली, आई."

टक टक टक. "त्याची बायको बरी आहे का? गुडघ्याचं चाललं होतं तिचं."

"आई! सही बघितली मी. दोन सह्या! कागद कुठाय माझा?"

ती म्हणाली, "सांगणार नाही." हे मात्र अगदी खरं बोलण्याच्या तिच्या जुन्या आवाजात म्हणाली, आणि मला भर रागात हसू फुटलं. मग मी घर उपसायला सुरुवात केली. कपाटातल्या चादरी काढल्या, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, बाबांच्या फोटोची चौकट मागून उघडली. बाबा गोदीत कामाला होते, फोटोतही त्यांच्या नखांत काळं दिसतं. मग मी जे या घरात कुणी कधी केलं नव्हतं ते केलं. दिवाणखान्यातल्या मेणाच्या बाळ येशूवरची काचेची घुमटी, जी फक्त नाताळच्या आदल्या संध्याकाळी, हात धुऊन, आईनेच उचलायची, ती मी पिठाच्या हातांनी उचलली. आत बाळाशिवाय काही नव्हतं. बाळाने माझ्याकडे त्याच्या निळ्या काचेच्या डोळ्यांनी बघितलं. मागून आई म्हणाली, "तिथे मी ठेवीन? मला काही लाजलज्जा आहे की नाही?" मी घुमटी खाली ठेवली आणि मटकन तिच्यासमोर जमिनीवरच बसले. साडेतीन वाजले होते. मी घामाने आणि पिठाने माखले होते, कणीक झाले होते. आणि ही बाई विणत होती. पंधरा दिवस रोज विणत होती, मी येईन तेव्हा विणत होती, मी जाईन तेव्हा विणत होती. मागच्या रविवारीसुद्धा. रविवारी! मला तेव्हाच कसं कळलं नाही? रविवारी सुईत दोरा ओवायचा नाही म्हणून शाळेच्या फाटक्या मोज्याने मला मिस्सेला नेणारी बाई रविवारी लेस विणत होती. मी मान वाकडी करून लोडाकडे बघितलं. नक्षीचा पिवळट कागद एका कोपऱ्यात किंचित उचललेला होता, आणि त्याच्या खालून, क्रॉसच्या एका हाताखालून, दोन टाचण्यांच्या मधून, मीच माझ्याकडे बघत होते. एक डोळा आणि अर्धी भुवई. ओळखपत्राचा तो भयंकर फोटो.

काखेत कळसा! मी ओरडलेच. टोपलीतली कात्री माझ्या हातात कधी आली मला माहीत नाही. आईने माझं मनगट धरलं. एकाहत्तर वर्षांची बाई, पण चाळीस वर्षं धागा ताणलेली बोटं आहेत ती.

"कापू नकोस. आधी ऐक. मग काप हवं तर."

"काय ऐकू? कोर्टात माझ्यासाठी एक थाप मारवली नाही तुला, आणि आता—"

"कोर्टात नाही मारली, कारण एक आधीच मारली होती."

मी कात्री खाली केली. ती फिरक्या जोडीजोडीने बाजूला लावत बोलली, माझ्याकडे न बघता, जशी ती नेहमी महत्त्वाचं बोलते. "बासष्ट साल. मला नुकताच मताचा अधिकार मिळाला होता. तेव्हा काय होतं तुला माहीतच आहे. मजुरांच्या पक्षाला मत म्हणजे महापाप, त्यांचा पेपर वाचला तरी महापाप. गोदीतल्या माणसांच्या बायका पाप कबूल करायला कन्फेशनच्या रांगेत उभ्या राहून थरथरायच्या. तसं मत देणारा मेला तर कबरस्तानाच्या कोपऱ्यातल्या त्या जागेत पुरायचे, लोक तिला उकिरडा म्हणायचे. मी पडद्याआड गेले, पेन्सिल हातात घेतली. तुझे बाबा मला काही म्हणाले नव्हते. मीच. मजुरांच्या पक्षालाच दिलं मी."

"तू?"

"मी. मग ईस्टरआधी कन्फेशनला गेले. जाळीतून पाद्रींनी विचारलं, सगळ्यांनाच विचारायचे, मत कुणाला दिलंस? मी म्हणाले, बिशपसाहेबांनी सांगितलं त्यांना." तिने एक टाचणी बोटाने सरळ केली. "माफी मिळाली, सुटले. तुझ्या बाबांनी खरं सांगितलं, ते नाही सुटले. म्हणून आमचं लग्न सॅक्रिस्टीत लागलं, वेदीमागच्या त्या खोलीत, जिथे पाद्री कपडे बदलतात. पहाटे साडेपाचला, बाजूच्या दाराने. फूल नाही, ऑर्गन नाही. लोकांना वाटायचं, बिचारी फिलुमेना, नवऱ्यापायी. आणि मी बोलले नाही. तेव्हापासून दर रविवारी त्या थापेवर कम्युनियनचा पवित्र पाव घेतेय. दुसरी मारायची नाही असं ठरवलं होतं. वाटायचं, एकच असली तर देव मोजताना एखादी सोडून देईल."

मी पिठाचे हात मांडीवर ठेवून बसले होते. बस आठवली. लाल झालेली मान आठवली. मला तिचा राग आला आणि मायाही, दोन्ही एकदम. त्या नऊ वर्षांच्या खटल्यात मी तिला दगड समजत आले होते, आणि ती आत एक जुनी थाप उबवत बसली होती, तिला जोडीदार मिळू नये म्हणून.

"मग ही का मारलीस?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी. पडद्याआड फार सोपं असतं, पावलीना. बाहेर आल्यावर कळतं. एक तर पाप घेऊन जगायचं, नाही तर थाप घेऊन. मला तुझ्यावर ते नको होतं."

"आई, वेन्झूबरोबर राहते म्हणून मी एकवीस वर्षं कम्युनियनच्या रांगेत उभी राहिलेली नाही. मला कोण काय विचारणार आहे? माझं जायचं काय राहिलंय?"

तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरलं, हिशेब चुकल्यावर शाळेतल्या मुलीच्या चेहऱ्यावर पसरतं ते. "खरंच की," ती म्हणाली. "हे माझ्या लक्षातच नाही आलं."

"आणि तुझा कागद? तो का लपवलास?"

"तो खालीच आहे, तुझ्याखाली." फिरक्या सारख्या करत ती म्हणाली, "पेन्सिल हातात आली की माझा हात काय करतो, ते मला माहीत आहे."

मग तिने स्वतःच टाचण्या काढायला सुरुवात केली. मी हात पुढे केला तर झटकला. एकेक टाचणी उपटून ती तोंडात धरत होती आणि धागे सैल पडत होते, ताण गेला तशी गव्हाची कणसं आक्रसली, क्रॉसचा एक हात वाकला, फिरक्या एकमेकींवर आपटून गुंतल्या. पंधरा दिवसांचं काम तिच्या मांडीवर गोळा झालं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही कागद काढून तिने फुंकर मारली, माझा मला दिला, आणि तोंडातल्या टाचण्या उशीत खोचत म्हणाली, "माझे काळे बूट दे. आणि तोंड धू, पाव वाटतेस."

शाळेच्या त्या खोलीत मी पहिली ते तिसरी शिकले. फळ्याखाली टेबल लावून अधिकारी बसला होता, चष्मा कपाळावर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन्ही पक्षांची माणसं, नावं खोडायला. 'नाही'च्या बाजूला डोलोरेस. कापड-समितीची. मला वाटलं, आता झालं. अधिकाऱ्याने माझा कागद हातात घेतला, थबकला, बोटाने चाचपला. "याला काय झालंय? भोकं आहेत."

"टाचण्यांची," आई म्हणाली.

"आणि हा तुमचा? यालाही?" त्याने दोन्ही कागद एकावर एक धरले, खिडकीकडे वळला आणि उजेडात वर केले. टेबलावर, नावांच्या यादीवर, बारीक बारीक ठिपक्यांनी एक क्रॉस पडला आणि दोन्हीकडे कणसं. खोलीतले सगळे बघत राहिले. "अशी कागदपत्रं घ्यायची की नाही..." तो म्हणाला. "कुणाची हरकत आहे?" डोलोरेस यादीवरच्या उजेडाकडे बघत होती. तिने ती नक्षी स्वतः निवडली होती, ओळखू येणार नाही कशी? तिने मान वर करून आईकडे बघितलं.

"तुमचीच आहे," आई तिला म्हणाली. "थोडा उशीर होईल."

डोलोरेसच्या तोंडाची एक बाजू हलली. मला कळेना, रडणार की ओरडणार. मग तिने पेन्सिल उचलली आणि जरा चिडूनच म्हणाली, "फोटो त्यांचाच आहे, नाव वाचता येतंय. मी काय आंधळी आहे? द्या त्यांना." आणि आमची नावं खोडली, आधी आईचं, मग माझं.

पडद्याआड काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पेन्सिल बोथट होती. मी इतक्या जोरात खूण केली की टेबल हललं. पलीकडच्या पडद्याखाली आईचे काळे बूट दिसत होते. ते बराच वेळ जागचे हलले नाहीत, आणि मग एकदम फिरले.

बाहेर उन्हं कलायला लागली होती. आम्ही शाळेच्या भिंतीच्या सावलीतून चालत होतो आणि मी तिला काही विचारलं नाही. वेन्झूला फोन करायचा होता, तोही राहिला. अंगात वारा शिरल्यासारखं झालं होतं, चाळीस पायऱ्या दोन उड्यांत उतरेन असं वाटत होतं. मग आईने माझा दंड दाबला. "हळू," ती म्हणाली. "काय?" "गातेयस तू. हळू गा. पुढे कुणी साक्षीला बोलावलं तर मला सांगावं लागेल."

मी थांबले. खरंच गात होते मी, तेच इटालियन गाणं. आम्ही दोघी भिंतीला टेकून हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, एक गाडी हॉर्न वाजवत आमच्याकडे बघत गेली. हसता हसता आम्ही चौकात आलो. चर्चवर पाचाची घंटा झाली. शनिवारची पाचाची वेळ म्हणजे कन्फेशनची. आईने केस सारखे केले, रुमाल डोक्यावरून घेतला.

"आज कशाला जातेस?" मी म्हणाले. माझं हसू गेलं. "नवे पाद्री आहेत, ते विचारणारसुद्धा नाहीत."

"नाही विचारलं तर मीच सांगेन. खरं सांगेन या वेळी."

"काय सांगशील? आजचं?"

"दोन्ही वेळचं," ती म्हणाली. तिने माझ्या गालावरचं राहिलेलं पीठ अंगठ्याने पुसलं, मग चौक ओलांडला आणि मोठ्या दाराच्या पायऱ्या चढून आत गेली.